सहाव्या रविवारची रेघ

"मला नेमकं काय जमतं तेच कळत नाही." कुवत शोधायला निघालेलं लेकरू पहिल्या दिवशी बहुतेक वेळा हेच बोलतं आणि लगेच दहावी-बारावीचे टक्के सांगतं. लातूर घ्या, परभणी घ्या, नाहीतर बीड, आमच्याकडे माणसाचं माप अजून त्या दोन आकड्यांवरच घेतलं जातं. लातूर पॅटर्नने मराठवाड्याला नेटाने अभ्यास करायची शिस्त लावली, त्याबद्दल आदरच आहे. पण त्या शर्यतीत मागे राहिलेली कितीतरी मुलं विशीच्या आतच 'आपल्यात नाही' असं ठरवून बसतात. ही गोष्ट आम्हाला फार लागते, कारण त्यांचं मोजमाप पुरतं झालेलंच नसतं.

आमचं हे काम अभ्यासिकेत आणि भरतीच्या ग्राऊंडवर चालतं. मुलामुलींसोबत आम्ही बारा आठवडे चालतो. पहिले दोन आठवडे फक्त नोंदीचे, पुढचे सहा तीन वाटा, म्हणजे तीन वेगवेगळी कामं, चाचपायचे आणि शेवटचे चार एकाच वाटेचे. सामान म्हणजे एक दोनशे पानी वही, आलेखाचा कागद, पट्टी आणि सेकंद दाखवणारं घड्याळ.

नोंदीच्या दोन आठवड्यांत कसलाही संकल्प करायचा नाही. वहीच्या एका पानावर एक दिवस, अर्ध्या तासाला एक चौकोन. सोळा तास जागं राहणाऱ्याचे ३२ चौकोन होतात. प्रत्येकात एकच अक्षर लिहायचं: रानातल्या किंवा घरच्या कामाला 'का', अभ्यासाला 'अ', मोबाइलला 'मो', रिकाम्या वेळेला 'रि'. शेजारी अंगातल्या तरतरीचा आकडा, १ ते ३. चौकोन दर तीन तासांनी भरायचे. रात्री एकदम भरायला बसलं की आठवण आपली बाजू घेते. दोन तासांचा मोबाइल अर्ध्या तासाचा होतो आणि वट्ट्यावरच्या गप्पा गायब होतात. पहिल्या तीन दिवसांची पानं हिशोबात धरू नका. वही कुणीतरी बघणार म्हणून माणूस त्या दिवसांत जरा चांगलाच वागतो. उरलेल्या अकरा दिवसांवर पट्टी ठेवून बघितलं की तरतरी ३ असलेला आणि कुणाच्या मालकीचा नसलेला वेळ कुठे आहे ते दिसतं. रोज दीड तास तसा निघाला तरी पुढचं सगळं त्यात बसतं. ज्यांच्या घरी दूध काढणं, पाणी भरणं, धाकट्यांना शाळेत घालवणं आहे त्यांचा हा दीड तास तीन तुकड्यांत निघतो. तेही चालतं.

याच दोन आठवड्यांत पाच जणांना एक प्रश्न विचारायचा. 'माझ्यात काय चांगलं आहे?' असं विचारलं तर लोक संकोचून 'स्वभाव चांगला आहे' म्हणतात. त्याऐवजी असं विचारा: "कोणतं काम मला सांगितल्यावर तुम्हाला पुन्हा बघावं लागत नाही?" पाचांत घरातलं एक मोठं माणूस असावं, तुमच्यासोबत काम केलेला एक, वयाने लहान एक, शिक्षक किंवा मालक एक, आणि ज्याचं तुमच्याशी फारसं पटत नाही असा एक. उत्तर जसंच्या तसं वहीत लिहायचं, त्यावर वाद घालायचा नाही. एखादी चुलती म्हणते, "लग्नाचा किराणा तूच आणावा, एक जिन्नस राहत नाही." ऐकायला किरकोळ वाटतं, पण यादी, मोजदाद, पैसे आणि दुकानदाराशी घासाघीस हे सगळं त्या एका वाक्यात आलं. दोन वेगवेगळ्या माणसांच्या तोंडून एकच काम आलं तर ते तीन वाटांपैकी एक होतं.

तीन वाटा निवडताना एक अंगाची, एक डोक्याची आणि एक हाताची घ्यावी. तिन्ही एकाच जातीच्या घेतल्या, म्हणजे तिन्ही विषय पुस्तकीच, तर तीच जुनी परीक्षा पुन्हा दिल्यासारखं होतं. आमच्याकडे नेहमी येणारी जोडणी अशी: १६०० मीटर धावणं, अंकगणित-बुद्धिमत्ता आणि मराठी टंकलेखन. मुलींपैकी कितीतरी जणी टंकलेखनाऐवजी शिलाई घेतात. मोटार दुरुस्ती, हिशोब, हार्मोनियम, काहीही घ्या. अट एवढीच की दर आठवड्याला आकडा काढता आला पाहिजे.

आकडा काढण्यात जितकी काळजी घ्याल तितकं पुढचं खरं होतं, म्हणून इथे थोडं थांबतो.

धावण्याचा आकडा बहुतेक वेळा मैदानच खोटा करतं. शाळेचं मैदान 'चारशेचं आहे' असं सगळे म्हणतात. टेप धरला की ३६० भरतं. तशा चार फेऱ्या मारल्या तर १४४० मीटरच होतात. गावात मारलेलं टायमिंग भरतीला गेल्यावर अर्ध्या मिनिटाहून जास्त वाढतं आणि पोरगं खचतं. म्हणून आधी ३० मीटरच्या टेपने आतल्या कडेपासून एक वीत बाहेरून मैदान मोजा आणि चुन्याने सुरुवातीची रेघ मारा. काळ्या रानाच्या मैदानात पाऊस पडल्यावर दोन दिवस चाचणी घेऊ नका. माती बुटाला चिकटते आणि त्या आकड्याला अर्थ राहत नाही.

गणितासाठी पंचवीस प्रश्न, २२ मिनिटं. पोलीस भरतीच्या लेखी परीक्षेत १०० प्रश्नांना ९० मिनिटं मिळतात, म्हणजे एका प्रश्नाला ५४ सेकंद. त्यावरून हे माप धरलं. तीन आकडे लिहायचे: बरोबर, चूक, सोडलेले. नुसते 'बरोबर' लिहिले तर घाई करणारा आणि घाबरणारा सारखेच दिसतात. टंकलेखनाला दहा मिनिटं, शब्द आणि चुका वेगळ्या. शासकीय लिपिकाच्या जागेला मराठीत मिनिटाला ३० शब्द लागतात, तो खांब डोळ्यांसमोर ठेवता येतो. शिलाईत अस्तराचा ब्लाउज कापण्यापासून हुक लावेपर्यंत किती मिनिटं आणि किती वेळा उसवावं लागलं. उसवण्याचा आकडा मिनिटांपेक्षा जास्त सांगतो. बाहीचा गोल आणि गळ्याची पट्टी याच दोन जागी तो वाढतो.

सुरुवातीची चाचणी वेगवेगळ्या तीन दिवशी घ्यायची आणि तिन्हींतला मधला आकडा पहिला म्हणून मांडायचा. एका दिवसाचा आकडा झोपेवर, जेवणावर, वाऱ्यावर हलतो. आदल्या रात्री शेतीपंपाची लाईट रात्रीच्या पाळीला होती आणि पोरगा रानात पाणी देत होता, तर त्या सकाळची चाचणी घेऊच नये.

तिसऱ्या आठवड्यापासून रोज प्रत्येक वाटेला अर्धा तास, आठवड्यातून सहा दिवस. धावणं मात्र एक दिवसाआड, मधल्या दिवशी चालणं आणि पोटऱ्या-मांड्यांचे व्यायाम. रविवारी चाचणी. आलेखाच्या आडव्या रेघेवर रविवार, उभ्या रेघेवर आकडा. धावण्या-शिलाईसारख्या वेळेच्या आकड्यात कमी वेळ वर मांडायचा, म्हणजे सुधारणा झाली की रेघ चढतीच दिसते. सहा रविवार झाले की ठिपके जोडायचे.

हा आलेख वाचताना जवळपास सगळेच एक चूक करतात. सगळ्यात वर कोणता ठिपका आहे ते बघतात आणि तीच आपली वाट ठरवतात. वरचा ठिपका आजवर मिळालेल्या संधीचा असतो. ज्याच्या घरी वडील शिक्षक आहेत त्याचं गणित पहिल्याच दिवशी वर असणार, आणि ज्याने कधी कळफलकाला हात लावला नाही त्याचं टंकलेखन खाली. कुवत दिसते रेघेच्या चढात. त्यातही पहिल्या दोन रविवारांचा चढ सोडून द्या. तो चाचणीची सवय झाल्याचा असतो, फेऱ्या कशा मोजायच्या, पेपरात वेळ कसा वाटायचा हे कळल्याचा. तिसऱ्या रविवारापासून सहाव्यापर्यंतची रेघ खरी. समजा, धावणं ७ मिनिटं २० सेकंदांवरून तिसऱ्या रविवारी ७:०० वर आलं आणि सहाव्याला ६:२५ वर. गणित १४ वरून १७ आणि मग १७ वरच थांबलं. तर आज गणितात गुण चांगले असले तरी पाय अजून शिकतायत, हे त्या रेघेत दिसतं.

रेघेसोबत दोन खुणा बघतो. एक, ठरलेला अर्धा तास संपल्यावर कुणी न सांगता हात त्याच कामात किती वेळा राहिला. वहीच्या चौकोनांत ते आपोआप उतरलेलं असतं. दुसरी, चूक झाल्यावर माणूस काय करतो. ज्या कामात कुवत असते त्यातली चूक माणसाला टोचते आणि तो ती उकलायला बसतो. बाकीच्या कामात तो पान उलटतो. या दोन्ही खुणा चढाच्या बाजूने असतील तर ठरवायला वेळ लागत नाही. रेघ चढते पण खुणा नाहीत, असं असेल तर आम्ही आणखी दोन आठवडे देतो.

वाट कधीकधी शेजारच्या गल्लीत निघते. बीड जिल्ह्यात आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचे अविनाश साबळे बारावीनंतर सैन्यात गेले, तिथे क्रॉसकंट्री धावू लागले आणि तिथून ३००० मीटर स्टीपलचेसकडे वळले. अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडत पळायची ही शर्यत गावाकडच्या मैदानावर कुणी घेतच नाही. २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत ८ मिनिटं ११.२० सेकंदांत त्यांनी रौप्यपदक घेतलं. सुवर्ण अवघ्या पाच शतांश सेकंदांनी गेलं. २०२३ मध्ये हांगझूला आशियाई सुवर्ण, २०२४ मध्ये पॅरिस ऑलिम्पिकची अंतिम फेरी. सगळी पोरं साबळे होतील असं आम्ही कुणाला सांगत नाही. पण रेघ चढत असेल तर त्याच कामाची शेजारची रूपंही करून बघा, एवढं त्यातून नक्की घ्यावं. १६०० मीटरला चढणारा ८०० किंवा ५००० मीटरला अधिक चढू शकतो. टंकलेखनात ज्याच्या चुका शून्यावर येतात त्याला मुद्रितशोधन देऊन बघा.

नवव्या आठवड्यापासून एकच वाट, रोज तासभर. उरलेला अर्धा तास दुसऱ्या क्रमांकाच्या वाटेला, ती गंजू नये म्हणून. या चार आठवड्यांत पूर्ण काम पुन्हा पुन्हा करत बसायचं नाही. त्याचे तुकडे पाडून सगळ्यात कच्चा तुकडा धरायचा. १६०० मीटरमध्ये तो जवळपास नेहमी तिसरी फेरी असतो, आणि त्याचं कारण पहिल्या फेरीत असतं. ५ मिनिटं १० सेकंदांचं लक्ष्य असेल तर ४०० मीटरची एक फेरी साडेसत्त्याहत्तर सेकंदांची. शिट्टी वाजली की पोरं पहिली फेरी ६८ ला काढतात आणि तिसरीला ९० वर येतात. सरावात दर फेरीचा वेळ मोठ्याने सांगायला एक माणूस उभा करा. पहिल्या फेरीला ७७ च्या आत आला तर त्याला तिथेच थांबवा आणि पाच मिनिटांनी पुन्हा सोडा. दोन आठवड्यांत पायांना वेग कळायला लागतो. आठवड्यात असे कडक दिवस दोनच. बाकीच्या दिवशी बोलता येईल इतक्या संथ गतीने पळणं. अंतर एकदम वाढवलं, त्यातही डांबरी रस्त्यावर पातळ तळाच्या बुटात, तर नडगीचं हाड दुखायला लागतं. दुखणं एका बोटाने दाखवता येईल इतकं नेमकं असेल तर पळणं बंद आणि डॉक्टरांकडे जाणं. त्यावर लेप लावून पळत राहिलेल्यांचे महिने वाया जातात.

डोक्याच्या वाटेला चुकांची वेगळी वही लागते. चुकलेला प्रश्न, चुकण्याचं कारण आणि पुन्हा सोडवायच्या तारखा, असे तीन रकाने. कारणं तीनच ठेवा: माहीत नव्हतं, घाई झाली, प्रश्न नीट वाचला नाही. आठवड्याने मोजलं की कितीतरी जणांच्या ध्यानात येतं की 'गणित कच्चं' म्हणून जे रडत होतो त्यातल्या निम्म्या चुका वाचण्याच्या आहेत. त्यावरचा उपाय गणिताचं आणखी एक पुस्तक घेणं नव्हे. प्रश्नात काय विचारलंय त्याखाली रेघ ओढायची सवय लावायची. तारखा दुसऱ्या दिवशीची, मग तिसऱ्या, सातव्या आणि एकविसाव्या दिवसाची. हर्मान एबिंगहाउस या जर्मन शास्त्रज्ञाने १८८५ मध्येच दाखवलं होतं की पाठ केलेलं सुरुवातीच्या तासांत आणि दिवसांत झपाट्याने विसरतं, नंतर विसरण्याचा वेग मंदावतो. म्हणून पहिली उजळणी जवळ आणि पुढच्या लांब. उत्तर झाकून सोडवायचं. उत्तर वाचून मान डोलावली की कळल्यासारखं वाटतं, पण पेपरात हात चालत नाही.

आता काय बिघडतं ते. सगळ्यात जास्त मुलं पाचव्या-सहाव्या आठवड्यात सुटतात. रेघ सपाट होते, दोन रविवार आकडा हलत नाही, आणि 'माझी कुवत एवढीच' असं मन म्हणतं. तेव्हा आधी झोप बघा. सात तासांच्या खाली झोप असेल तर इतर काही तपासू नका, आधी ती भरा. मग पोट बघा. पहाटे रिकाम्या पोटी पळून अकरापर्यंत नुसत्या चहावर राहणारी मुलं असतात, त्यांनी पळून आल्यावर अर्ध्या तासात भाकरी-भाजी, मोड आलेली मटकी, दूध, जे घरात असेल ते खावं. मग सराव बघा: तेच सोपे प्रश्न, तीच ठरलेली गती चालू आहे का? हे सगळं ठीक असेल तर एक हलका आठवडा घ्या, सराव निम्मा, पण त्यातला अवघड तुकडा तसाच ठेवून. थकव्याने दबलेली वाढ कितीदा याच आठवड्यानंतर वर येते.

सुगी दुसरी अडचण. सोयाबीनची काढणी आणि रास, पाठोपाठ हरभऱ्याची पेरणी. त्या तीन आठवड्यांत घरचा माणूस घरच्या कामाला लागलाच पाहिजे. तेव्हा चाचणी बंद ठेवा, आलेखावर त्या रविवारांची जागा कोरी सोडा आणि रोज फक्त दहा मिनिटं करा. 'एकवीस दिवसांत सवय लागते आणि एक दिवस चुकला की पुन्हा पहिल्यापासून' हे भाषणांत ऐकून कितीतरी जण सुगीत खंड पडला म्हणून वही फेकून देतात. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांवर केलेला अभ्यास वेगळंच सांगतो: सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले, कुणाला १८ तर कुणाला २५४ लागतील असा अंदाज निघाला, आणि एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडलं नाही.

ऊसतोडीला जाणाऱ्या घरातल्या मुलांसाठी बारा आठवड्यांची ही मांडणी जशीच्या तशी चालत नाही. त्यांनी फडावर जाताना एकच वाट आणि चुकांची वही घ्यावी, पहाटे गाडी भरायच्या आधी नाहीतर कोपीवर, म्हणजे मुक्कामाच्या झोपडीत, जेवण झाल्यावर वीस मिनिटं. धावण्याची वाट तिथे घेऊ नये. दिवसभर ऊस तोडलेल्या अंगावर वरून पळणं म्हणजे दुखापतीला बोलावणं.

मुलींच्या बाबतीत अडतं ते बहुतेक वेळा मैदानावर जाण्या-येण्यात. पहाटे एकटीला घरचे पाठवत नाहीत आणि त्यांची काळजी समजण्यासारखी आहे. तिघी एका गल्लीतल्या असल्या की मार्ग निघतो, म्हणून मुलींचे गट आम्ही वाटेवरून न करता गल्लीवरून करतो. आलेख घरात भिंतीवर लावायला सांगतो. लग्नाची बोलणी सुरू झालेल्या घरातही चढती रेघ बघून वडील एक वर्ष थांबायला तयार होतात, असं पुष्कळदा घडतं. वडिलांना समजावताना आमच्या बोलण्यापेक्षा तो कागद जास्त उपयोगी पडला आहे.

घड्याळ धरणारा माणूस नीट निवडा. त्याने आकडा सांगायचा, लिहायचा आणि गप्प बसायचं. फार कौतुक करणारा असला तर मुलं त्याच्यासाठी पळतात, रागावणारा असला तर आकडे लपवतात. 'मनात आणलं तर काहीही होतं' असं म्हणणाऱ्यालाही या कामावर ठेवू नये. उंची, वय, घरची परिस्थिती, मार्गदर्शन मिळणं न मिळणं, या सगळ्यांचा वाटा असतो, आणि तो नाकारला की अपयशाचं सगळं ओझं एकट्या लेकरावर पडतं.

तिन्ही रेघा सपाट निघाल्या तर? असं होतं. तेव्हा आधी मोजमाप तपासा. प्रश्न दर आठवड्याला अवघड होत गेले असतील, घड्याळ धरणारा बदलला असेल. माप बरोबर असेल तर तिन्ही वाटा एकदम टाकू नका. सगळ्यात सपाट असलेली एक बदला, बाकीच्या दोन तशाच ठेवा आणि पुढचे सहा रविवार मोजा. पाच जणांच्या उत्तरांची पानं पुन्हा काढा. पहिल्या वेळी किरकोळ म्हणून सोडलेलं एखादं वाक्य, ते किराण्याच्या यादीचं, आता वाट म्हणून घेता येतं: गावातल्या एखाद्या बचत गटाचा महिन्याचा हिशोब किती वेळात आणि किती चुकांत जुळतो, हा आकडा काढायला सोपा आहे.

बाराव्या आठवड्याच्या शेवटच्या तीन दिवशी पहिलीच चाचणी पुन्हा घ्यायची. तेच मोजलेलं मैदान, तीच वेळ, तेच बूट, तितकेच प्रश्न, घड्याळ धरणाराही तोच. तिन्ही दिवसांतला मधला आकडा काढायचा आणि वहीच्या पहिल्या पानावर, जुन्या आकड्याच्या शेजारी, तारखेसह लिहायचा. नंतर नव्या आलेखाच्या कागदावर तोच आकडा पहिला ठिपका म्हणून मांडायचा. पुढचा रविवार सुट्टीचा. ज्यांचं धावणं आहे त्यांनी त्या दिवशी पायांना तेल लावून दुपारी झोपावं.